निस्तारातलं सोनं

शंकासुर : तू म्हणतोस, खेळात साठवलेलं सोनं विकलं आणि खात्यात रुपये आले. रुपये खरे, ते मला मान्य. पण विकलंस काय? कंपनीच्या अटी कुठल्याही खेळाच्या उघडून बघ, मजकूर जवळपास सारखाच असतो : पात्र, तलवार, नाणी, सगळं कंपनीचं, तुला फक्त वापरायची परवानगी. मग तू एक तर दुसऱ्याची वस्तू विकलीस, नाही तर हवा विकलीस. दोन्हीला आपल्याकडे बरं नाव नाही. आणि ‘ऑनलाइन गेमिंग’ म्हटलं की या भागातला माणूस आधीच दचकतो. गोंदिया १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. २०२३ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं गेमिंग ॲपवर ५८ कोटी गमावल्याची तक्रार केली आणि पोलीस गोंदियातल्या घरी झडतीला गेले; नोटा आणि सोनं मोजतानाच्या बातम्या आठवत असतील तुला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. तो कायदा वाचताना मला तुझं सोनं आठवलं.

खेळगडी : काकाजी, सट्ट्याचं ॲप आणि भूमिकेचा खेळ या दोन गोष्टी नावानं जुळ्या वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. सट्ट्यात तुम्ही पैसे लावता आणि निकालाची वाट बघता. मधे तुम्हाला काही करायचं नसतं. भूमिकेच्या खेळात हजारो माणसं एकाच जगात वावरतात, कोणी खाण खणतो, कोणी चिलखत घडवतो, कोणी ते विकत घेऊन लढायला जातो. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’चं उदाहरण घ्या. हिरव्या ड्रॅगनला मारलं की हाडं आणि कातडं मिळतं. पिशवीला खण २८. ते भरले की बँकेपर्यंत चालत जायचं, रिकामे करायचे, पुन्हा यायचं. वाटेत दुसरा खेळाडू मारून सगळं लुटू शकतो, कारण हे ड्रॅगन जिथं असतात तो बराचसा मुलूख बेबंद आहे. असं तासन्‌तास केल्यावर जे साठतं ते सोनं. त्यात नशिबाचा भाग असतो, पण डाव लावलेला नसतो. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं २००१ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळाचा हिशेब मांडला. खेळाडू बाहेरच्या लिलावात वस्तू काय भावाला विकतात ते पाहून त्यानं काढलं की तिथल्या मेहनतीचा दर तासाला ३.४२ डॉलर पडतो आणि त्या काल्पनिक देशाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधे कुठे तरी बसतं. त्या काळच्या भारताच्या ते कितीतरी वर होतं. एवढ्या मेहनतीला तुम्ही हवा म्हणता?

शंकासुर : मेहनत झाली म्हणजे माल झाला असं नाही, बाबू. आपल्याकडे कास्तकार चार महिने चिखलात उभा राहून धान काढतो आणि भाव पडला की मेहनतीला कोणी विचारत नाही. तुझ्या सोन्याला भाव येतो तो तुझ्या घामामुळे नाही, ते दुसऱ्याला झटपट मिळत नाही म्हणून. आणि इथेच गोम आहे. खऱ्या खाणीतलं सोनं संपतं. तुझ्या खेळातला ड्रॅगन मेला की काही क्षणांत पुन्हा उभा राहतो. म्हणजे प्रत्येक खेळाडू नाणी पाडतो आहे. ती नाणी परत शोषून घ्यायला कंपनीला दुरुस्तीचा खर्च, प्रवासाचं भाडं, बाजाराचा कर असे निचरे ठेवावे लागतात. आवक आणि निचरा यांचा तोल साधला तर भाव टिकतात. आता त्या जगात विकण्यासाठीच सोनं काढणारा माणूस आला. तो चिलखत विकत घेत नाही, दुरुस्तीवर उधळत नाही, मौजेसाठी काही खर्चत नाही. बारा बारा तास फक्त काढतो. नाही तर बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्राम, लावतो, तो झोपतही नाही. बाजारात नाणी वाढतात, भाव चढतात, आणि शाळा सुटल्यावर तासभर खेळणाऱ्या पोरानं महिनाभर जमवलेल्या नाण्यांत आता अर्धी तलवार येते. तुझ्या गिऱ्हाइकानं तुला रुपये दिले, पण किंमत त्या पोरानं मोजली. त्याला कोणी विचारलंही नाही.

खेळगडी : हिशेब बरोबर मांडलात. फक्त त्यात एक गिऱ्हाईक धरायचं राहिलं, ते म्हणजे कंपनी स्वतः. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं वर्षानुवर्षं सोनं विकणाऱ्यांची खाती बंद केली. सोनं विकणं म्हणजे खेळाशी बेइमानी, असं सांगितलं. आणि एप्रिल २०१५ मध्ये स्वतःचं टोकन काढलं : तुम्ही कंपनीला डॉलर द्या, टोकन घ्या, लिलावघरात ते दुसऱ्या खेळाडूला सोन्याच्या बदल्यात विका. त्या दुसऱ्याला महिनाभर फुकट खेळायला मिळतं, तुम्हाला सोनं मिळतं, डॉलर कंपनीला. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये प्लेक्स, ‘रूनस्केप’मध्ये २०१३ पासून बाँड, तोच प्रकार. तुमच्या त्या शाळकरी पोरासमोर पैसेवाला गडी तेव्हाही सोनं विकत घेऊनच उभा राहतो. फरक एवढाच, की आधी ते पैसे खाण खणणाऱ्याला मिळायचे, आता कंपनीच्या गल्ल्यात जातात. सोनं विकणं जर पाप असेल तर ते पाप करण्याचा मक्ता कंपनीनं स्वतःकडे घेतला. याला नीती म्हणायचं की मक्तेदारी?

शंकासुर : मक्तेदारीच म्हण, माझी हरकत नाही. कंपनीची वकिली मी घेतलेली नाही. पण तू धरून चालला आहेस की आक्षेप फक्त कंपनीचा आहे. तो खेळाडूंचा स्वतःचा आहे, आणि जुना आहे. चाळीस जणांची टोळी, तुमच्या भाषेत गिल्ड, एका राक्षसावर चालून जाते. तीन तास झुंजून तो पडला की त्याच्याजवळ दोन-तीनच वस्तू सापडतात आणि माणसं चाळीस. कोणाला द्यायच्या? ‘एव्हरक्वेस्ट’च्या खेळाडूंनी यावर स्वतःचं चलन काढलं, ड्रॅगन किल पॉइंट, डीकेपी. जो हजर राहिला, वेळेवर आला, हरलेल्या रात्रीही पळाला नाही, त्याच्या नावावर गुण. वस्तू हवी तर गुण खर्चायचे. हे चलन कंपनीनं पाडलेलं नाही, गिल्डच्या वहीत आहे. ते विकता येत नाही, उसनं देता येत नाही, गिल्ड सोडली की शून्य. तरी माणसं त्यासाठी रात्र रात्र जागली. याच्या उलट नंतर आलं ते जीडीकेपी : राक्षस पडला की वस्तूंचा सोन्यात लिलाव, जमलेलं सोनं सगळ्यांत वाटून घ्यायचं. दिसायला किती न्याय्य! पण लिलावात बोली लावायला सोनं लागतं, ते बाहेरून रुपये मोजून येतं, आणि मग हजेरीला कोण विचारतो? फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या एका आवृत्तीत कंपनीनं या लिलावांवर बंदी घातली, तेव्हा तिचं स्वागत करणारे खेळाडूच होते.

खेळगडी : आणि शिव्या देणारेही खेळाडूच होते, काकाजी. ज्याला आठवड्यातून एकच रात्र मोकळी, त्याला डीकेपीच्या गिल्डमध्ये जन्मभर शेवटचा नंबर. लिलावाच्या टोळीत त्याला निदान वाटा तरी मिळायचा.

शंकासुर : मिळत असेल. पण वाटा मिळाला म्हणून खेळ टिकतो असं नाही. ‘डायब्लो थ्री’मध्ये तर कंपनीनं २०१२ साली राजरोस दुकानच मांडलं. खऱ्या पैशाचं लिलावघर : तुला मिळालेली कुऱ्हाड डॉलरला विक, कंपनी दलाली घेईल. लपवाछपवी नाही, फसवणूक नाही, तुला हवा तसा खुला बाजार. १८ मार्च २०१४ ला कंपनीनंच ते बंद केलं. कारण सरळ होतं. तो खेळ उभाच या गोष्टीवर होता की राक्षस मारावा आणि काय पडतं ते बघावं. जे हवं ते बाजारात जास्त स्वस्त आणि जास्त लवकर मिळायला लागल्यावर राक्षस मारायचं कारणच उरलं नाही. म्हणून मी म्हणतो, तुम्ही सोनं विकता तेव्हा नाणं जात नाही. इतर जण ज्या कारणासाठी खेळत होते ते कारण जातं.

खेळगडी : हा आक्षेप मला लागतो. त्यामुळे तो उडवून लावत नाही. पण तो कोणाच्या तोंडून येतो तेही बघू. हजेरीचे गुण मिळवायला रोज संध्याकाळी चार तास लागतात, न खाकरणारं इंटरनेट लागतं, दरमहा वर्गणी लागते. म्हणजे पगार, घर आणि रिकामी संध्याकाळ. ज्याच्याकडे हे आहे त्याला ‘खेळ पैशानं विटाळू नका’ म्हणणं सोपं जातं. २०१७ च्या सुमारास व्हेनेझुएलात चलनाचं पार मातेरं झालं. पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत उडून जायची. तिथली माणसं जुन्या संगणकांवर ‘रूनस्केप’मध्ये तेच हिरवे ड्रॅगन मारायला बसली, सोनं डॉलरला विकून घरात पीठ-औषध आणायला. आपल्या शुद्ध खेळाडूंनी काय केलं? या लोकांना ओळखायचं कसं आणि गाठून मारायचं कसं, याची मार्गदर्शिका लिहिली. त्याआधी ‘वॉरक्राफ्ट’मध्ये चिनी कामगारांचं तेच झालं होतं. २००८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड हीक्स यांनी अंदाज मांडला, की जगभरात चार लाखांच्या आसपास माणसं सोनं काढण्याच्या धंद्यात आहेत आणि त्यांतली बहुतेक चीनमध्ये. ज्या खेळाडूला इंग्रजी येत नाही आणि जो एकाच जागी राबतो तो ‘फार्मर’. त्याला टोळीनं मारायचं, त्याच्या देशावरून शिवी घालायची. खेळाडूंची संस्कृती म्हणून तुम्ही डीकेपीची वही दाखवलीत. ही मार्गदर्शिकाही त्याच संस्कृतीनं लिहिली.

शंकासुर : ती मार्गदर्शिका लाजिरवाणी होती, त्यावर दुमत नाही. पण गरिबाची कणव आली म्हणून गरिबाला कुठल्या धंद्यात ढकलतो आहोत ते बघायला नको का? तुझा सगळा युक्तिवाद शेवटी इथं येतो की खेळाडूला पुरी मालकी द्या. एका खेळानं दिली. ‘ॲक्सी इन्फिनिटी’, व्हिएतनामी कंपनी. त्यातले प्राणी ब्लॉकचेनवर, मालकी खेळाडूची, विक्री खुली. खेळायला तीन प्राणी लागायचे. २०२१ मध्ये त्यांची किंमत एवढी चढली की फिलिपिन्समधल्या साध्या माणसाला ते परवडेनात. मग काय झालं असेल, आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. ज्याच्याकडे पैसा होता त्यानं प्राण्यांचे कळप घेतले आणि ते खेळायला गरिबांना दिले. मिळकतीत हिस्सा. देणारा ‘मॅनेजर’, घेणारा ‘स्कॉलर’. सरळ सरळ बटई. पुढे नवे लोक यायचे थांबले, मिळणाऱ्या टोकनचा भाव तीसेक सेंटांवरून एका सेंटाच्याही खाली गेला, आणि मार्च २०२२ मध्ये त्या खेळाच्या ब्लॉकचेनच्या जाळ्यावर दरोडा पडून ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली. अमेरिकेच्या एफबीआयनं बोट दाखवलं उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे. मालकी मिळाली की कूळ मोकळं होतं, हा तुझा भ्रम. मालकी विकाऊ झाली की ती ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्याकडे जाते.

खेळगडी : ॲक्सीचा दाखला मी नाकारत नाही, पण तो माझ्याविरुद्ध जात नाही. साधी कसोटी लावून बघा : शेवटी माल घेणाऱ्याला तो वापरायचा आहे की पुढे विकायचा आहे? ‘रूनस्केप’मध्ये सोनं घेणारा ते चिलखतावर उडवतो आणि खेळतो. त्याच्या पैशातून व्हेनेझुएलाचा माणूस जेवतो. गिऱ्हाईक खरं आहे. ॲक्सीत घेणारा प्रत्येक जण पुढच्या घेणाऱ्याच्या भरवशावर होता. खेळायचं म्हणून कोणीच घेत नव्हता. ती साखळी तुटणारच होती. त्यावरून सगळा व्यवहार बंद करा म्हणाल, तर तोही प्रयोग होऊन गेला आहे. चोरीच्या क्रेडिट कार्डांनी सोनेविक्यांनी उच्छाद मांडला, तेव्हा ‘रूनस्केप’नं जानेवारी २००८ मध्ये मोकळी देवाणघेवाणच बंद केली. ठरावीक फरकापेक्षा जास्त किमतीचं काही कोणाला देता येईना. सोनेविके आवरले, पण त्यांच्याबरोबर नवख्या मित्राला तलवार भेट देणं गेलं, उसनवारी गेली, मोठ्यानं धाकट्याला उभं करणं गेलं. विकायची वाट बुजवली तशी द्यायचीही वाट बुजली, कारण दोन्ही एकाच दारातून जातात. शेवटी कंपनीनं खेळाडूंचं मत घेतलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये देवाणघेवाण परत सुरू केली.

शंकासुर : कसोटी चांगली आहे, मी ती लक्षात ठेवीन. पण ती लावणार कोण? ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये खेळाडूंनी बँक काढली होती, ईबँक. ठेवी, कर्जं, सगळं. २००९ मध्ये तिच्याच प्रमुखानं सुमारे २०० अब्ज इस्क उचलले, इस्क म्हणजे तिथलं नाणं, आणि बाहेर सुमारे ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलरला विकले. कारण काय, तर घरासाठी भरायची सुरुवातीची रक्कम आणि मुलाचं आजारपण. कंपनीनं त्याला काढून टाकलं. कशासाठी? ठेवीदारांना बुडवलं म्हणून नाही. त्या खेळात दगाफटका हा खेळाचाच भाग मानतात. काढलं ते बाहेर विकलं म्हणून. त्या शिक्षेतून ठेवीदारांच्या हाती काय आलं? काही नाही. आता हेच तुमसर-लाखांदुरात आण. पोरं आयडी विकतात, फ्री फायरचे डायमंड आणि पबजीची यूसी नाणी यांचे सौदे करतात, अनोळखी माणसाच्या क्यूआर कोडवर आधी पैसे पाठवतात, मधला माणूस पसार होतो. पोलीस ठाण्यात गेला तर फिर्यादीत काय लिहिणार? जी वस्तू अटींप्रमाणे तुझी नव्हती ती विकत घेताना तुझी फसवणूक झाली? मालकी नाही तिथं फिर्याद नाही.

खेळगडी : न्यायालयं त्या पुढे गेली आहेत. नेदरलँड्समध्ये दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, चाकू दाखवून, ‘रूनस्केप’मधला ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात टाकायला लावला. बचाव तुमचाच होता : या वस्तूच नाहीत, चोरी कशाची? जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती चोरीच ठरवली, कारण त्या मुलानं त्यांत वेळ आणि कष्ट घातले होते आणि त्या त्याच्या ताब्यात होत्या. कोरियात ‘लिनिएज’चं चलन खऱ्या पैशात घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांना २००९ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं. आपल्याकडची गंमत बघा. २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. तिची व्याख्या एवढी ऐसपैस, की खेळातलं सोनंही तीत बसतं असा वाद एखादा कर अधिकारी घालू शकेल. आणि तुम्ही ज्याचा धाक घातलात त्या २०२५ च्या कायद्यात डावावर लावण्याच्या गोष्टींत आभासी नाणी, टोकन, वस्तूही धरल्या आहेत. म्हणजे कर लावायचा तर ती मालमत्ता, शिक्षा द्यायची तर ते पैशासमान, आणि मी म्हटलं माझं आहे, तर ती हवा!

शंकासुर : हवा हा शब्द मी मागे घेतो. सट्टा असाही आरोप करत नाही. त्या कायद्यातही पैसे लावून जिंकण्याची आशा हा गाभा आहे, आणि ड्रॅगनची हाडं वेचण्यात ती दाखवणं अवघड जाईल. पण हवा नाही म्हणून मालकी आहे असंही नाही. मधे आणखी एक जागा आहे आणि ती आपल्या जिल्ह्याच्या दप्तरात लिहून ठेवलेली आहे. निस्तार पत्रक. महसूल संहितेच्या १६१ व्या कलमात त्याची तरतूद आहे. गावकऱ्याला जंगलातून चुलीपुरतं सरपण नेता येतं, गुरं चारता येतात, तळ्याचा वापर करता येतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क, कोणी उपकार करत नाही. पण ते सरपण मोळी बांधून बाजारात विकायचं नाही. वापराचा हक्क आहे, विक्रीचा नाही. कारण प्रत्येकानं विकायला काढलं तर जंगल कोणालाच पुरणार नाही. तुझं सोनं मला नेमकं तसं दिसतं. चुलीपुरतं ने. मोळी विकू नको.

खेळगडी : दप्तर उघडलंच आहे तर मागची पानंही वाचू, काकाजी. नवेगाव बांधासारखी तळी बांधली कोहळी समाजातल्या लोकांनी. पाळ कुठे घालायची, पाणी कसं फिरवायचं, ही विद्या त्यांची. पुढे इंग्रजी अमदानीत गावाची मालकी मालगुजारांच्या नावे लागली, आणि अशी बरीच तळी आजही कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणूनच ओळखली जातात. खेळातही तेच झालं आहे. कंपनीनं जमीन आखून दिली, मान्य. पण त्यात बाजार कोणी वसवला? भाव कोणी ठरवले? डीकेपीची वही कोणी लिहिली? चाळीस जण रात्रभर जागले नसते तर तो राक्षस म्हणजे कोणीच न पाहिलेलं चित्र. आणि मालगुजारीही कायमची नव्हती. १९५० च्या कायद्यानं ती गेली. आज तुम्ही मला निस्ताराच्या मर्यादा सांगता, तेव्हाचा मालगुजार कुळाला त्याच सांगत असणार.

शंकासुर : गेली, आणि मग तळ्यांचं काय झालं? तळी सरकारजमा झाली, आणि वर्षानुवर्षं गाळानं भरत गेली. पाळ फुटली तर कोणी बुजवायची, हे मालगुजाराच्या काळी ठाऊक होतं. नंतर ते अर्जावर गेलं. मालगुजारी चांगली होती असं मी मुळीच म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की मालक हटवला की त्याची कामं आपोआप कोणी करत नाही. खेळातही गाळ साचतो. बॉट काढावे लागतात, निचरे बदलावे लागतात. ‘ईव्ह’च्या आइसलँडमधल्या कंपनीनं २००७ साली त्या कामासाठी चक्क अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला. तुझ्या प्रत्येक नाण्यावर तुझी मालकी असेल तर त्यांना ड्रॅगनचं कातडं स्वस्त करायचीही सोय उरणार नाही. लगेच कोणी तरी नुकसानभरपाई मागेल.

खेळगडी : म्हणूनच मी पुरी मालकी मागत नाही. मालकीच्या आधी कुळाला काय हवं होतं? बेदखल न होण्याची हमी. खेळाडूला आज तीच नाही. पाच वर्षांचं खातं एका ई-मेलनं बंद होतं. कारण ‘अटींचा भंग’, कुठली अट ते सांगत नाहीत, दाद यंत्र ऐकतं आणि यंत्रच फेटाळतं. सर्व्हर बंद करायचा तर तारीख कंपनी ठरवते. सरकारनं एका रात्रीत ॲप बंद केलं, तर पोरांनी पैसे टाकून घेतलेलं सगळं अडकलं. २०२० मध्ये पबजीच्या वेळी आणि २०२२ मध्ये फ्री फायरच्या वेळी हे देशभर झालं. तर एवढं द्या : काढायचं असेल तर कारण सांगा, माणसानं ऐकून घ्या, बंद करायचं तर मुदत द्या, आणि पैसे भरून घेतलेल्याचा हिशेब द्या. निस्ताराचा हक्क म्हणता ना? निस्ताराची निदान नोंद तरी असते. आमची तीही नाही.

शंकासुर : हे मला पटतं, जवळजवळ पूर्ण. पण दोन गोष्टी बघ. एक, दहा हजार बॉटनी सुनावणी मागितली तर साफसफाई कधी होणार, याचं उत्तर तुझ्याकडे नाही. दुसरी जास्त अवघड. ही हमी मिळाली तरी तुझ्या खात्यात रुपये येत नाहीत. बेदखल न होण्याचा हक्क हा खेळणाऱ्याचा हक्क आहे. तू सुरुवात केली होतीस विकणाऱ्यापासून. धान निघाल्यावर हाताला काम नसलेल्या पोराला ‘तुझं खातं सुरक्षित आहे’ हे सांगून काय होणार?

खेळगडी : काहीच होणार नाही. ते मला दिसतं आहे. खेळाडूंनी यावर स्वतः एक वाट काढली आहे, ती अर्धीच आहे पण आहे. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये २०१४ पासून आयर्नमॅन नावाचा प्रकार आहे. ज्यानं तो निवडला त्याला कोणाकडून काही घेता येत नाही, विकत घेता येत नाही. जे आहे ते स्वतः मिळवलेलं. नावापुढे तशी खूण येते. ज्यांना बाजार नको त्यांनी बाजाराबाहेर राहायचं, ज्यांना हवा त्यांनी आत. कोणावर जबरदस्ती नाही.

शंकासुर : पण तुझा तो व्हेनेझुएलाचा माणूस आयर्नमॅनांच्या जगात जाऊन काय विकणार? त्याला गिऱ्हाईक हवं, आणि गिऱ्हाईक मिळतं ते इतरांनी घाम गाळून मान मिळवलेल्या जगातच. ज्या जगात सगळेच विकायला बसले तिथल्या सोन्याला ॲक्सीचा भाव येतो. म्हणजे तुझा धंदा चालायचा तर बहुसंख्य खेळाडू विकणारे नसायला हवेत. न विकणाऱ्यांनी राखलेल्या कुरणात तुझी मोळी बांधली जाते. म्हणून माझा प्रश्न कंपनीच्या परवानगीचा राहिलेला नाही. ज्या चाळीस जणांबरोबर रात्री जागलास, त्यांना विचारून विकलं होतंस का?

खेळगडी : नाही. विचारलं असतं तर पंचवीस जण नको म्हणाले असते आणि पंधरांनी भाव विचारला असता. पण तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या चाळिसांचा आहे, हे मी मानतो. कंपनीनं टोकन विकायला काढलं तेव्हा तिनंही त्यांना विचारलं नव्हतं, आणि २०२५ चा कायदा करताना सरकारनंही नाही. नकार त्या पंचवीस जणांकडून आला तर मी ऐकून घेईन.

शंकासुर : ऐकून घेशील, की थांबशील?

खेळगडी : ते त्या महिन्यात घरात किती पैसे आहेत त्यावर राहील, काकाजी. आणि त्या पंचवीस जणांतल्या किती जणांना हे कारण ठाऊक असेल, हेही मला बघावं लागेल.

शंकासुर : मग त्यांना ते सांगावं लागेल. गिल्डमध्ये तलवारीच्या गुणांची वही आहे. कोणाच्या घरी चूल पेटायला अडचण आहे, याची नाही. ती वही ठेवायची म्हटलं तर खेळ खेळ राहील का, हे मला सांगता येत नाही.

खेळगडी : आणि ती ठेवायची नाही म्हटलं, तर मोळी विकू नको हे सांगायचा अधिकार त्यांना कुठून येतो, ते मला सांगता येत नाही.